नरसाळं नव्हे, सुलूचा कर्णा

मित्रांनो, सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी नरसाळं नाही. सरावलीच्या या घरात सध्या माझ्या रुंद तोंडात भाताचं बियाणं ओततात आणि ते माझ्या मानेतून गोणीत उतरतं, हे खरं आहे. कोंबड्या माझ्यावर येऊन बसतात, हेही खरं आहे. पण म्हणून कोणी मला नरसाळं म्हटलं, तर मी ऐकून घेणार नाही. मी एक जुना कर्णा आहे. लग्नात झाडावर चढवतात तो, लाउडस्पीकरचा कर्णा. चौदा वर्षं मी बोललो आणि हळू कधीच बोललो नाही. हळू बोलायला मला कोणी बनवलंच नव्हतं.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यातला. अॅल्युमिनियमचा गोल पत्रा फिरत्या साच्यावर दाबून दाबून माझं तोंड घडवलं. फार दुखलं. पण त्या दाबण्यामुळेच मला आवाज फेकता आला, म्हणून तक्रार नाही. १९७८ साली बेटेगावच्या धर्माजी घरत यांनी मला विकत घेतलं आणि एसटीच्या टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधून आणलं. कोंबड्यांची आणि माझी ओळख तेव्हापासूनची आहे.

धर्माजींनी ओसरीवर पाटी लावली, 'घरत लाउडस्पीकर सर्व्हिस'. माझ्याबरोबर आवाज वाढवणारं एक मशीन होतं, एक माइक होता, रेकॉर्ड वाजवायची पेटी होती आणि लोखंडी ट्रंकेत बेचाळीस रेकॉर्डी होत्या. आसपासच्या गावांत लग्न असलं की धर्माजी मला पाठीला बांधून आंब्यावर चढायचे आणि उंच फांदीला आवळायचे. मग मी असा काही ओरडायचो की तीन गावांना कळायचं, आज कोणाकडे लग्न आहे. लोक म्हणत, "धर्माजीचा कर्णा म्हंजे कर्णा हाय." ही स्तुती मी मान ताठ ठेवून ऐकायचो. विनय वगैरे मला जमत नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, कारण पुढे तीच कामाला आली. आहेर मुकाट्याने दिलेला आमच्या लोकांना चालत नसे. तो माइकवरून पुकारावा लागे. "रामा सखाराम पाटील यांच्याकडून नवरीला पितळेचा हंडा!" असं मी आंब्यावरून ओरडलो की हंडा खरा. पुकारा राहिला, तर माणूस जेवणावर बसत नसे. आणि एकदा पुकारलेला आहेर परत घ्यायचा नाही, हा नियम होता. देणाऱ्याने नाही आणि घेणाऱ्यानेही नाही.

धर्माजींचे कान माझ्यामुळे लवकर जड झाले. याबद्दल मात्र मला थोडं वाईट वाटतं. रेकॉर्डवर सुई कुठे टेकवायची ते त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून त्यांची मुलगी सुलू मशीनपाशी बसू लागली. मुलीने मांडवात मशीन चालवायचं यावर गावात कुजबुज झाली. पण तिच्या हातून सुई घसरत नसे आणि आहेराचा पुकारा कधी चुकत नसे, म्हणून लोक गप्प बसले. माझ्या मानेला तिने एक लांब सुतळी बांधली होती. खालून सुतळी ओढली की मी हवं तिकडे तोंड वळवायचो. मला असं वळवणारी आजवर ती एकटीच.

१९८५ च्या पौषात माझा पडदा फाटला. पडदा म्हणजे माझ्या मानेतली पातळ चकती, माझा गळाच म्हणा. त्या काळात बोईसरला कारखाने वाढत होते आणि त्यांतल्या एकात विश्राम राऊत नावाचा फिटर होता. मूळचा शिरगावचा, पण कामासाठी सरावलीत खोली घेऊन राहायचा. रातपाळी संपवून फावल्या वेळात मशिनी दुरुस्त करायचा. त्याने घरी येऊन ओसरीवर मला उघडलं आणि नवा पडदा बसवला. बोटं काळी होती, पण हात हलका होता. काम करता करता तो सुलूला म्हणाला, "तुमचा कर्णा सकाळी सरावलीत ऐकू येतो. मी पाळीवरून येऊन जरा आडवा होतो, तर हा झोपू देत नाय."

"मग कानांत कापूस घाला," सुलू म्हणाली.

"कशाला? गाणी चांगली लावता तुमी."

बस, एवढंच. मित्रांनो, पोरगी कामातून गेली.

त्या दिवसापासून ट्रंकेतल्या बेचाळीस रेकॉर्डींची नवी मांडणी सुरू झाली. आधी त्या अकारविल्हे होत्या. आता सुलूने त्यांचे चार गठ्ठे केले. एक लाजण्याचा, एक रुसण्याचा, एक वाट बघण्याचा आणि एक रडक्यांचा. रडका गठ्ठा सर्वांत जाड होता. तो तिने ट्रंकेच्या तळाशी घातला आणि म्हणाली, "ह्या बाया नुसत्या रडतात. कोणाला काय पायजे ते सांगत नाय." मला ते पटलं. रडकी गाणी वाजवताना माझा पत्राही ओला झाल्यासारखा वाटतो.

पण गाणं निवडणं सोपं नव्हतं. मांडवात नवरीचं लग्न, तिथे हिचं गाणं कसं लावणार? हळदीला हळदीची, वऱ्हाड येताना वऱ्हाडाची, मुलगी सासरी निघताना पाठवणीची, अशी प्रत्येक वेळ ठरलेली. मोकळी वेळ एकच, दुपारच्या पंगतीची. जेवणाऱ्याचं लक्ष वरणभाताकडे असतं, कर्ण्याकडे नसतं. तेव्हा सुलू सुतळी ओढून माझं तोंड सरावलीकडे वळवायची आणि स्वतःचं गाणं लावायची.

पहिल्या लग्नात तिने जे गाणं लावलं, त्यात एक मुलगी वाटसरूला नुसता रस्ता विचारते. दुसऱ्या लग्नात रुसव्याचं लावलं, कारण आठवडा झाला तरी विश्रामकडून काही खबर नव्हती. तिसऱ्या लग्नात दोघांचं गाणं होतं. तिने बाईचा भाग वाजू दिला आणि पुरुषाचा भाग आला की सुई उचलली. मांडवात शांतता. मग पुन्हा बाईचा भाग, पुन्हा सुई वर. वाढपी ओरडला, "काय गं सुलू, रेकॉर्ड अडकली का?"

"पुरुषाला आज बरं नाय," ती म्हणाली.

मला मात्र तिचं मन कळलं. ती जागा तिने विश्रामसाठी मोकळी सोडली होती. त्याचं त्याने म्हणावं, अशी तिची इच्छा होती.

आणि इथेच चूक झाली, मित्रांनो. कर्णेवाल्याच्या मुलीने करू नये अशी चूक. आमच्याकडे वाऱ्याचं वेळापत्रक असतं. सकाळी डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपार झाली की तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. सरावली आमच्यापासून समुद्राच्या अंगाला. सकाळी माझा आवाज मतलई वारा अलगद उचलून सरावलीत नेऊन ठेवायचा. विश्रामने म्हटलं होतंच, 'सकाळी ऐकू येतो'. पण सुलूने त्यातलं 'ऐकू येतो' तेवढं ऐकलं. दुपारी ती मला सरावलीकडे वळवायची आणि मी जीव तोडून ओरडायचो. खारा वारा माझं गाणं माझ्याच तोंडावर परत ढकलायचा आणि उलट दिशेला घेऊन जायचा. मला सगळं कळत होतं. पण कर्ण्याला दुसऱ्याचंच बोलता येतं, स्वतःचं नाही.

उलट दिशेला काय होतं? गवताची वखार. तिथे दादू बसायचा. वखार त्याच्या बापाची. घरचं बरं होतं, दारात दोन बैलगाड्या होत्या. पूर्वी एका लग्नात आवाजाची चाचणी घेताना सुलूने त्याला विचारलं होतं, "दादू, तुमच्या वखारीत ऐकू येतं का रे?" बिचाऱ्याने ते वाक्य जपून ठेवलं. त्यात आता दर लग्नात पंगतीच्या वेळी प्रेमाची गाणी स्पष्ट ऐकू यायला लागली. दोघांच्या गाण्यात पुरुषाची जागा मोकळी सुटली, तेव्हा दादू गवताच्या गंजीवर उभा राहून तो भाग स्वतः म्हणाला. गवत बांधणारे मजूर पोट धरून हसले आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली.

फाल्गुनातल्या एका सकाळी दादूची आई प्रेमला नारळ घेऊन आमच्या ओसरीवर आली. धर्माजींना ऐकू जावं म्हणून ती मोठ्याने बोलली. "भाऊ, तुमची सुलू आमच्या दादूसाठी गाणी लावते. आमी काय बहिरे नाय. दुपारचा खारा वारा सुटला का सगळी गाणी आमच्या वखारीत. पोरांनी मनानं ठरवलंच हाय, तर आपण सुपारी फोडून टाकू."

सुलू दारात उभी होती. 'खारा वारा' म्हटल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. आठ लग्नं, आठ दुपारी आणि एकही गाणं सरावलीला पोचलं नव्हतं! धर्माजींनी मात्र आनंदाने नारळ घेतला. पुढच्या रविवारी सुपारी फोडायची ठरलं.

प्रेमला गेल्यावर सुलू बापाच्या कानाशी जाऊन म्हणाली, "बाबा, ती गाणी दादूला नव्हती."

"मग कोणाला?"

"विश्राम राऊतला."

धर्माजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच फितूर होतो. मग म्हणाले, "तो आलाय का मागायला? नाय ना? त्याला ठाऊक तरी हाय का?"

सुलूने नकारार्थी मान हलवली.

"मग गप रहा. मी शब्द दिलाय. तू गावाला गाणी ऐकवलीस, आता गाव आपल्याला ऐकवंल. शनिवारी नर्मदाच्या लग्नात फक्त आहेर पुकारायचा. एक रेकॉर्ड लावायची नाय." आणि त्यांनी ट्रंकेला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली.

मित्रांनो, मला तेव्हा फार राग आला. बेचाळीस रेकॉर्डींना कुलूप लागलं म्हणून नाही. मी गावाला हरवलेला बैल सांगितला, रॉकेल आल्याचं सांगितलं, कोणी किती भांडी दिली ते सांगितलं. तेव्हा सगळ्यांना माझा आवाज गोड लागला. एका मुलीने स्वतःच्या मनातलं सांगायला मला वापरलं, तर मी लगेच बेअब्रू झालो! रविवारी सुपारी फुटली, की सुलू आयुष्यभर वखारीत बसून चुकीच्या माणसाच्या बाजूचं गाणं ऐकणार होती. आणि योग्य माणसाला शेवटपर्यंत काही कळणारच नव्हतं.

शनिवार उजाडला. नर्मदा ही सुलूची शेजारीण. तिचं लग्न सकाळचं होतं, साडेआठाचा मुहूर्त. धर्माजींनी मला आंब्यावर बांधलं आणि माझं तोंड मुद्दाम डोंगराकडे केलं. सुतळी मात्र सोडायला ते विसरले. अक्षता पडल्या आणि आहेर सुरू झाला. सुलू माइकपाशी बसली होती. दादू आणि प्रेमला पुढच्या रांगेत, उद्याचे पाहुणे म्हणून मानाने बसवलेले.

"काशिनाथ मामा यांच्याकडून नवरीला तांब्याचा बंब! नर्मदाच्या आत्येकडून पाच ताटं, पाच वाट्या!" मी ओरडत होतो. सुलू मध्येच थांबली. तिने तर्जनी जिभेला लावली आणि हात वर धरला. बोटाची डोंगराकडची बाजू गार झाली असणार. मतलई वारा अजून वाहत होता. तिने टेबलाखालून सुतळी ओढली. मी वळलो. झाडावरचा कावळा उडाला आणि माझं तोंड थेट सरावलीकडे झालं.

मग तिने त्याच खणखणीत आवाजात पुकारलं, "सुलू धर्माजी घरत हिच्याकडून, सरावलीचे विश्राम राऊत यांना, एक गाणं!"

मांडव जागच्या जागी थिजला. रेकॉर्ड तर नव्हतीच. सुलूने माइक जवळ ओढला आणि स्वतःच गायला लागली. गौरीच्या नाचाची चाल होती, शब्द तिचे होते.

"खाऱ्या रं वाऱ्या, मागं सर,
माझं गाणं सरावलीवर..."

आवाज घोगरा होता. 'सरावली'पाशी तो फाटलासुद्धा. मित्रांनो, मी बेचाळीस रेकॉर्डींमधले किती तरी गोड गळे वाजवले आहेत. पण ते सगळे मला भाड्याने आल्यासारखे होते. हा एकच आवाज मी माझा म्हणून फेकला. पत्रा थरथरला, फांदी हलली, तरी मी एक अक्षर खाली पडू दिलं नाही.

धर्माजींना ऐकू कमी येत असलं, तरी लोकांचे चेहरे दिसत होते. ते धावले आणि त्यांनी मशीनची वायर उपटली. मी मुका झालो. प्रेमला उठून उभी राहिली. "भाऊ, हा काय प्रकार हाय? आमाला बोलावून आमचाच तमाशा?"

धर्माजींनी वायर पुन्हा जोडली आणि माइक सुलूच्या पुढे धरला. "चुकलं म्हणून सांग. आता. सगळ्या गावासमोर."

सुलूने माइक घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती.

"माजी चूक झाली," ती म्हणाली, आणि मी ते तीन गावांना सांगितलं. "प्रेमलाकाकी, दादू, तुमाला त्रास झाला, त्याची माफी मागते. मी आठ लग्नं दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर गाणी लावली, ती चूक. सकाळी लावायला पायजे होती. आता मतलई वारा हाय. विश्राम, ती सगळी गाणी तुमाला होती. चूक तेवढीच झाली. बाकी कायबी चुकलं नाय."

आणि तिने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं.

कोणी काही बोलायच्या आत दादू उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो आता काय करतो याची मला धास्ती वाटली. तो म्हणाला, "आये, चल घरी. मला वाटलंच होतं, इतकी चांगली गाणी माझ्यासाठी कोण लावंल." मग धर्माजींकडे वळून म्हणाला, "काका, पुकारलेला आहेर परत घ्यायचा नसतो. तुमीच सांगता ना?" दादू वाईट माणूस नव्हता. खाऱ्या वाऱ्याने त्याला फसवलं होतं.

आहेर तसाच थांबला. नर्मदा नवरी असूनही उठून सुलूशेजारी जाऊन बसली. बाया कुजबुजत होत्या, पुरुष विड्या पेटवत होते आणि धर्माजी माझ्या झाडाखाली डोकं धरून बसले होते. मी उंचावर असल्यामुळे सगळ्यांच्या आधी मलाच दिसलं. सरावलीच्या रस्त्याने एक सायकल धुरळा उडवत येत होती.

विश्राम होता. सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात लावलेली, गालावर उशीची घडी उमटलेली, हातात पान्ह्यांची पिशवी. मांडवात शंभर माणसं त्याच्याकडे बघत होती. तो घाबरलेला दिसत होता. सरळ धर्माजींपुढे जाऊन उभा राहिला आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "बाबा, तुमचा कर्णा फाटका वाजत होता. पडदा गेला असंल. बघायला आलो."

धर्माजींनी त्याच्याकडे बघितलं, सुलूकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. "झाडावर चढता येतं का?" त्यांनी विचारलं.

"शिरगावचा हाय मी. ताडावर चढतो."

तो चढून आला. मित्रांनो, माझा पडदा ठणठणीत होता. त्याने मला उघडलंसुद्धा नाही. फक्त फांदीला टेकून दम घेत बसला आणि माझ्या कानाशी, म्हणजे मानेशी, हळूच म्हणाला, "थोरच हायस तू." मी नेहमीप्रमाणे विनय दाखवला नाही.

धर्माजी पुढे महिनाभर सुलूशी बोलले नाहीत. गावात ठराव झाला की यापुढे मुलींनी माइकला हात लावायचा नाही. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात आहेर पुकारायला उभ्या राहिलेल्या काकांनी बंब एकाच्या नावावर आणि हंडा दुसऱ्याच्या नावावर केला. मारामारी व्हायची वेळ आली. तेव्हा तेच ठराववाले सुलूला हात जोडून घेऊन गेले. ती गेली, पण जाताना म्हणाली, "पंगतीला गाणी माझ्या पसंतीची." पावसाळ्यानंतर तिची सुपारी फुटली, विश्रामशी. लग्नाच्या आहेरात धर्माजींनी मला तिला देऊन टाकलं आणि तो आहेर माझ्यातूनच पुकारला.

त्यानंतर सरावलीत आमचे दिवस चांगले गेले. मग स्पीकरचे मोठमोठे डबे आले, ट्रॅक्टरवर रचलेले. त्यांच्यापुढे मला कोण विचारणार? १९९२ नंतर मला झाडावर कोणी चढवलं नाही. आधी माळ्यावर गेलो, मग अंगणात आलो, मग बियाण्याच्या कामाला लागलो. माझ्या तोंडाला चेप आले आहेत. पडदा कधीच फाटला. सुतळी मात्र अजून मानेला आहे.

तुम्ही मला पुसून ठेवा, चेप काढा, कोंबड्या हाकला, असं मी म्हणेन असं तुम्हाला वाटलं असेल. ते करा, हरकत नाही. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणी मुलगी मोठ्याने बोलू लागली, तर वायर उपटायला धावू नका. आणि मुलींनो, तुमच्या पुढ्यात चुकलं म्हणून सांगायला कोणी माइक धरलाच, तर काय चुकलं तेवढंच सांगा. बाकीचंही चुकलं असं म्हणू नका.

सुलूची मुलगी शैला आता बारा वर्षांची आहे. बोईसरच्या दुकानातून कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेण्यासाठी तिने वहीत यादी केली आहे. कोणासाठी, ते मी विचारलेलं नाही. परवा सकाळी अंगणात बसून तिने यादीतली सगळी रडकी गाणी खोडली. मग मला बियाण्याच्या गोणीतून ओढून काढलं, झटकलं आणि माझी मान तोंडाला लावली. मला वाटलं, आता ओरडेल. पण तिने मला खाली मांडीवर ठेवलं, तर्जनी जिभेला लावली आणि हात वर करून आधी वारा पाहिला.